‘व्होलारे’ : एक सादरीकरण आणि अनेक आवृत्त्या

‘नेल ब्लू, दिपिंतो दी ब्लू’ हे इटालियन गाणे जगभर ‘व्होलारे’ या सुटसुटीत नावानेच ओळखले जाते. दोमेनिको मोदुन्यो आणि फ्रांको मिल्याच्ची यांनी ते रचले आणि १९५८ च्या सान रेमो महोत्सवात ते पहिले आले. पुढे इंग्रजी, स्पॅनिश अशा भाषांत, आणि स्विंगपासून डिस्को व रुंबापर्यंतच्या ढंगांत त्याच्या असंख्य आवृत्त्या निघाल्या. त्यांच्याविषयीची मते मात्र आजही मोदुन्योच्या त्या महोत्सवातील, टीव्हीवर दिसलेल्या सादरीकरणाशी तुलना करूनच बनतात. यात विशेष हे, की ज्या महोत्सवात गाणे जन्मले तिथे मूळ गायक आणि नक्कल करणारा असा भेद त्या काळी मुळात नव्हता.

सान रेमो हे इटलीच्या वायव्य किनाऱ्यावरचे फुलशेतीसाठी आणि कॅसिनोसाठी प्रसिद्ध असलेले गाव. १९५१ मध्ये तिथल्या कॅसिनोत हा महोत्सव सुरू झाला. पाहुणे टेबलांभोवती बसून गाणी ऐकत आणि इटलीची सरकारी प्रसारण संस्था ‘राय’ ती रेडिओवरून ऐकवत असे. स्पर्धा गाण्यांची होती, गायकांची नव्हे. पहिल्या वर्षीची वीस गाणी नील्ला पिझ्झी, आकिल्ले तोल्यानी आणि ‘दुओ फाझानो’ ही जोडी एवढ्यांनीच आपसांत वाटून घेतली होती. १९५३ पासून प्रत्येक गाणे दोन वेगवेगळ्या कलावंतांनी गायची पद्धत आली आणि १९५६ चा अपवाद सोडला तर ती १९७१ पर्यंत टिकली. चाल गायकाच्या आवाजामुळे तरली की स्वतःच्या बळावर, हे अशा दुहेरी सादरीकरणातून कळावे ही अपेक्षा होती. दोन्ही आवृत्त्यांचा दर्जा सारखा मानला जाई आणि बक्षीस रचनेला मिळे.

ही व्यवस्था रेडिओच्या काळाला साजेशी होती. इटलीत नियमित टीव्ही प्रसारण ३ जानेवारी १९५४ ला सुरू झाले आणि १९५५ पासून सान रेमो महोत्सव पडद्यावर दिसू लागला. घरोघरी संच नव्हते. लोक कॉफीच्या बारमध्ये किंवा शेजाऱ्यांकडे जमून कार्यक्रम पाहत. ‘लाशा ओ राद्दोप्पिया?’ या प्रश्नमंजुषेच्या वेळी तर चित्रपटगृहांनाही टीव्ही संच लावावे लागले होते. गाणे ऐकण्याबरोबर पाहण्याचीही गोष्ट झाली आणि गायकाच्या चेहऱ्याला, हातांना, उभे राहण्याच्या ढबीला महत्त्व आले.

मोदुन्यो या बदलासाठी जणू तयारच होता. दक्षिणेकडील आपुलिया प्रांतातल्या पोलिन्यानो आ मारे या किनारी गावात १९२८ मध्ये त्याचा जन्म झाला. रोमच्या सरकारी चित्रपट शिक्षणसंस्थेत त्याने अभिनयाचे शिक्षण घेतले होते. सुरुवातीला तो दक्षिणेतल्या बोलींत मच्छीमारांची आणि कष्टकऱ्यांची गाणी गिटारवर गाई, त्यामुळे अनेकांना तो सिसिलीचाच वाटे. ‘नेल ब्लू’ची कल्पना मिल्याच्चीला मार्क शागालच्या चित्रांवरून सुचली. हात आणि चेहरा निळा रंगवलेला माणूस वाऱ्याबरोबर आकाशात उडतो, असे स्वप्न गाण्यात आहे. आई, मातृभूमी आणि विरह यांभोवती फिरणाऱ्या तत्कालीन इटालियन गाण्यांत हा विषय अगदी वेगळा पडला.

१९५८ च्या महोत्सवात हे गाणे मोदुन्यो आणि तरुण जॉनी दोरेल्ली अशा दोघांनी गायले. १ फेब्रुवारीच्या अंतिम फेरीत त्याला पहिले स्थान मिळाले. दुसरे आलेले ‘लेदेरा’ नील्ला पिझ्झी आणि तोनीना तोर्रिएल्ली यांनी गायले होते. नियमानुसार विजेते दोघेही. लोकांच्या लक्षात मात्र एकच राहिला. तोवरचे गायक बहुधा स्थिर उभे राहत आणि फार तर एक हात छातीवर ठेवत. मोदुन्योने पहिले कडवे जवळजवळ बोलल्यासारखे हलके उचलले आणि ‘व्होलारे’ म्हणजे ‘उडणे’ हे ध्रुवपद येताच दोन्ही हात पूर्ण पसरले. शब्दांतले उडणे देहात उतरले. शिवाय तो स्वतःचीच रचना गात होता, त्यामुळे गाणे आणि गायक वेगळे काढणे प्रेक्षकांना अवघड झाले. दोरेल्लीची आवृत्ती त्याच मंचावर, त्याच हक्काने सादर झाली होती, तरी लोकस्मृतीत ती दुय्यम ठरली. १९५९ मध्ये ‘पिओव्हे’ गाऊन हीच जोडी पुन्हा जिंकली, तेव्हाही तसेच घडले.

सान रेमोचे हे विजेते गाणे मग इटलीतर्फे युरोव्हिजन या युरोपीय देशांच्या गीतस्पर्धेत गेले; तिथे मात्र परीक्षकांचे मत वेगळे पडले. १२ मार्च १९५८ ला नेदरलँड्समधील हिल्व्हर्सम येथे दहा देशांची स्पर्धा झाली. मोदुन्यो सर्वांत आधी गायला. प्रक्षेपणातील अडचणीमुळे काही देशांत ते गाणे पोहोचलेच नाही, म्हणून शेवटी त्याला पुन्हा गायला लावण्यात आले. तरीही १३ गुणांसह इटली तिसरी आली. फ्रान्सचा आंद्रे क्लाव्हो २७ गुणांनी पहिला, तर स्वित्झर्लंडची लिस आसिया २४ गुणांनी दुसरी आली. विजेते गाणे संथ अंगाईच्या वळणाचे, जुन्या रुचीला मानवणारे होते.

बाजाराने हा निकाल उलटवला. अमेरिकेतील बिलबोर्ड साप्ताहिकाची ‘हॉट हंड्रेड’ ही लोकप्रिय गाण्यांची यादी ऑगस्ट १९५८ मध्ये सुरू झाली आणि त्याच महिन्यात मोदुन्योची इटालियन ध्वनिमुद्रिका तिच्या शिखरावर पोहोचली. एकूण पाच आठवडे ती पहिली होती. मे १९५९ मधील पहिल्यावहिल्या ग्रॅमी सोहळ्यात वर्षातील सर्वोत्तम ध्वनिमुद्रिका आणि सर्वोत्तम गाणे हे दोन्ही मान तिला मिळाले.

त्याच वेळी कव्हरची, म्हणजे दुसऱ्याचे गाणे नव्याने गाऊन काढलेल्या आवृत्त्यांची, लाट उसळली. लोकप्रिय चाल हाती लागली की प्रत्येक कंपनीने ती आपल्या गायकाकडून तातडीने गाऊन घ्यायची, ही त्या काळची सर्वमान्य रीत होती. प्रकाशकाला प्रत्येक आवृत्तीतून स्वामित्वधन मिळे. ब्रिटनच्या यादीत एकाच मोसमात मोदुन्यो, डीन मार्टिन, मारिनो मारिनी आणि विनोदी नट चार्ली ड्रेक अशा चौघांच्या आवृत्त्या होत्या, आणि त्यांत सर्वांत वर, दुसऱ्या स्थानापर्यंत, गेला तो डीन मार्टिन. मिचेल पॅरिशने लिहिलेल्या इंग्रजी शब्दांतून चेहरा निळा रंगवणारा माणूस गळला आणि ढगांपार जाणारी प्रेमिकांची सहल उरली. इटालियन वंशाच्या आईबापांच्या पोटी जन्मलेल्या मार्टिनने इंग्रजी आणि इटालियन ओळी आरामशीर मिसळल्या. त्याच्या चाहत्यांना हा सहजपणा आवडतो. टीकाकारांच्या मते त्यात स्वप्नाचा विलक्षणपणा नाहीसा होतो.

पुढच्या आवृत्त्यांनी ध्रुवपदाभोवती आपापली चौकट बांधली. बॉबी रायडेलने १९६० मध्ये ते किशोरवयीन श्रोत्यांसाठी उडते केले आणि अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत नेले. अल मार्टिनोने १९७५ मध्ये त्याला डिस्कोचा ठेका दिला. १९५८ च्या लंडनमध्ये घडणाऱ्या ‘ॲब्सोल्यूट बिगिनर्स’ या १९८६ च्या चित्रपटासाठी डेव्हिड बोवीने ते गायले. दक्षिण फ्रान्समधील जिप्सी किंग्ज या गटाने १९८९ मध्ये कडवी स्पॅनिशमध्ये घेऊन गिटार आणि टाळ्यांच्या रुंबावर ते बसवले. अनेक तरुण श्रोत्यांना हीच आवृत्ती मूळ वाटते. मार्टिनच्या मवाळ आवृत्तीपेक्षा जिप्सी किंग्जचा रांगडा आवाज मोदुन्योच्या अधिक जवळ जातो. तरी सुरुवातीची कुजबुज आणि नंतरचा उद्गार यांतला चढ त्यांच्या ठेक्यात सपाट होतो. मोदुन्योच्या गाण्याचा परिणाम या चढावरच उभा आहे.

मोदुन्योचे १९९४ मध्ये लाम्पेदूसा बेटावर निधन झाले. २००९ मध्ये त्याच्या गावी उभारलेला पुतळा हात पसरलेलाच आहे. युरोव्हिजनच्या पन्नाशीनिमित्त २००५ मध्ये कोपनहेगनला झालेल्या मतदानात, कधीकाळी तिसरे आलेले हे गाणे ‘ॲबा’च्या ‘वॉटर्लू’खालोखाल दुसरे आले.

सान रेमोने १९७१ नंतर दुहेरी सादरीकरण सोडले आणि एका गाण्याला एकच कलावंत हा नियम झाला. २०१५ मध्ये महोत्सवात जुन्या गाण्यांसाठी एक वेगळी रात्र राखण्यात आली आणि तिचे बक्षीस नेक या गायकाला मिळाले. या रात्रीला इटालियन लोकही ‘कव्हर’ हाच इंग्रजी शब्द वापरतात. १९५८ मध्ये दोरेल्लीच्या गाण्याला असे वेगळे नाव द्यावेसे कोणाला वाटले नव्हते.