घराण्याच्या पेटीतला इतिहास

मुखेड, कंधार, देगलूर या आपल्या भागातील जुन्या घरांत एखादी लोखंडी वा सागवानी पेटी असतेच. कापडात बांधलेला हस्तलिखित कुराण शरीफ, वाडवडिलांची सनद, मेहरची रक्कम नोंदलेला निकाहनामा, दोन-चार हाली रुपये, एखादे नक्षीचे पानदान असा तिच्यातला ऐवज. ही पेटी उघडते ती वाटणीच्या दिवशी, नाहीतर जुने घर पाडून नवे बांधताना. मग पानदान मोडीत जाते आणि कागद रद्दीत.

कागदांची अशी उपेक्षा होण्यास कारणही आहे. हैदराबाद संस्थान 1948 साली भारतात विलीन झाले आणि 1954 मध्ये इनामे रद्द करणारा कायदा आला. जमीन गेली, मग सनद सांभाळून काय करायचे, असे पुष्कळांना वाटले असल्यास नवल नाही. परंतु सनदेत केवळ जमीन नसते. कोणत्या सेवेबद्दल इनाम मिळाले, गावाच्या शिवा कोठवर होत्या, शेजारी कोण होते, हे सारे तिच्यात असते. निजामाच्या राज्यात 1884 च्या सुमारास फारसीच्या जागी उर्दू ही सरकारी भाषा झाली. गावचे हिशेब मात्र मोडीत लिहिले जात. त्यामुळे एकाच दप्तरात तिन्ही लेखने सापडतात. आज उर्दू शिकलेल्या मुलालाही जुन्या कागदावरील शिकस्ता अक्षर लागत नाही. जाणत्या माणसाखेरीज हे कागद मुके आहेत.

अशी जाणती माणसे संस्थांभोवती जमतात. पुण्यात 1910 साली वि. का. राजवाडे प्रभृतींनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. लोकांनी आपली घरची दप्तरे तेथे आणून दिली. मंडळाचे ग. ह. खरे यांनी फारसी आत्मसात करून ‘ऐतिहासिक फार्सी साहित्य’ या मालेचे खंड संपादित केले. दख्खनच्या सुलतानांची फर्माने त्यामुळे मराठी अभ्यासकांच्या हाती आली. आपल्या निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी यांनीही फारसी साधनांवर आयुष्यभर काम केले. मराठवाड्याच्या इतिहासात आमची नोंद नाही अशी तक्रार आपण करतो. पण नोंद करणाऱ्याच्या हाती आपण काय दिले, हेही विचारावयास हवे.

दूरचे उदाहरण पाटण्याचे. मौलवी मुहम्मद बख्श 1876 मध्ये वारले तेव्हा त्यांच्या संग्रहात सुमारे 1400 हस्तलिखिते होती. पेशाने वकील असलेले त्यांचे पुत्र खुदा बख्श यांनी ती सुमारे चार हजारांपर्यंत वाढविली आणि 1891 साली संपूर्ण ग्रंथालय जनतेस अर्पण केले. संसदेने 1969 मध्ये त्यास राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरविले.

जवळचे उदाहरण तर धाराशिव जिल्ह्यातील तेरचे. तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनात त्याच्या व्यापाराचा उल्लेख आहे. तेथील रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीच्या मातीतून वर येणारे मणी, नाणी, मातीची खेळणी वर्षानुवर्षे जमविली. त्यांत हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती होती. तशाच घडणीची मूर्ती 1938 साली इटलीतील पाँपेई येथे सापडलेली आहे, आणि ते शहर तर इ. स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडले गेले! तेरचा रोमशी असलेला संबंध असा एका बाहुलीने बोलून दाखविला. हा संग्रह पुढे शासनाकडे गेला. वस्तू घराबाहेर गेली की घराण्याचे नाव बुडते म्हणतात. तेरच्या शासकीय संग्रहालयाला आज लामतुऱ्यांचेच नाव आहे.

देताना मात्र डोळसपणे द्यावे. दारावर येणाऱ्या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला दिलेली चीज कोठे जाते ते कळत नाही. संस्थेस द्यावयाची तर यादी करावी, पोच घ्यावी, प्रत्येक कागदाचे छायाचित्र घरी ठेवावे. वस्तू कोणाची, कोणत्या गावची, घरात कशी आली, हे आजी-आजोबांना विचारून मुलांनी लिहून काढावे. माहिती नसलेली तलवार संग्रहालयात नुसते लोखंड ठरते. वक्फ वा जमिनीच्या वादाशी संबंध असलेले मूळ कागद देऊ नयेत, त्यांच्या प्रती द्याव्यात. आणि फाटलेल्या कागदांना चिकटपट्टी लावू नये. तिच्या डिंकाने शाई व कागद दोन्ही खराब होतात. सुती कापडात बांधून, ओल नसलेल्या जागी ठेवले तरी जाणता माणूस येईपर्यंत ते टिकतात.