वॉशिंग्टनचा दुरंगी मनोरा

मुलाकडे अमेरिकेत आहोत, म्हणून शनिवार-रविवार धरून वॉशिंग्टन पाहून आलो. कॅपिटॉल, व्हाइट हाउस (लांबूनच!), लिंकनसाहेब, सगळे झाले. पण मन अडकले ते वॉशिंग्टन स्मारकापाशी. नीट पाहिलेत तर सुमारे दीडशे फुटांवर दगडाचा रंग बदलतो.

काम १८४८ मध्ये लोकवर्गणीतून सुरू झाले. आतल्या भिंतींत बसवायला देशोदेशीच्या शिळा येत. पोपनेही रोमहून एक पाठवली. तेव्हा आयरिश, जर्मन कॅथलिक मोठ्या संख्येने येत होते आणि त्यांच्यावर खवळलेला ‘नो नथिंग’ नावाचा पक्ष जोरात होता. मार्च १८५४ मध्ये रात्रीतून ती शिळा पळवली गेली. नाव याच मंडळींचे घेतले जाते. पुढे त्यांनी स्मारकाची संस्थाच बळकावली. वर्गणी आटली.

ज्यांना असे हिणवले त्यांची पतवंडे आज इथली जुनी माणसे! आमचे चिरंजीव ग्रीन कार्डच्या रांगेत अकरा वर्षे उभे आहेत. त्यांना हे सांगितले तर म्हणाले, “बाबा, पाणी प्या, ऊन फार आहे.”

मग यादवी युद्ध आले. बांधकाम पुन्हा सुरू झाले १८७९ मध्ये आणि १८८४ मध्ये ५५५ फुटांवर संपले. दगड मात्र दुसऱ्या खाणीचा आणावा लागला.