वेरूळच्या अंधाराचा वाद्यमेळ

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला निघालं की वाटेत देवगिरी लागतो. विसाव्या शतकातल्या फ्रेंच वाद्यवृंद-संगीताची दोन मुळं या एकाच रस्त्यावर सापडतात, याचं नवल मला अजून ओसरलेलं नाही.

आल्बेर रुसेल हा आधी नौदलातला अधिकारी, मग संगीतकार. 1909 मध्ये तो पत्नीसह हिंदुस्थानात आला. परतल्यावर 1910-11 मध्ये त्यानं 'एव्होकासियाँ' रचली. मे 1912 मध्ये ती पॅरिसला प्रथम वाजली. तिचा दुसरा भाग जयपूरवर, तिसरा काशीवर आणि पहिला वेरूळवर. त्याचं नावच 'लेण्यांच्या सावलीतले देव'.

जाणकार इथे हरकत घेतात. देश कोणता ते धूसरच राहावं, असं रुसेलनंच एका पत्रात लिहिलं होतं. मग वेरूळ नावापुरतंच, असं ते म्हणतात. मला हे पटत नाही. काशीच्या भागात गायक आहेत, वृंदगान आहे, तिथे ऐकलेली एका फकिराची धूनही आहे. वेरूळच्या भागात माणसाचा आवाजच नाही. जयपूरच्या भागातही नाही, हे खरं. पण ते गजबजलेलं, उजेडातलं शहर. वेरूळला आहे तो काळवत्री दगड. कैलास लेणं कुणी बांधलेलं नाही, डोंगरच वरून खाली कोरत आणलाय. तिथे देऊळ कुठे संपतं आणि डोंगर कुठे सुरू होतो, हे सांगताच येत नाही. दबक्या सुरांतून फुलून पुन्हा सावलीत शिरणारं ते संगीत मला त्या कड्याचंच वाटतं. त्यासाठी रागदारी उसनी घ्यायची गरज नव्हती.

दुसरं मूळ देवगिरीचं. सिंघण यादवाच्या पदरी हिशेबाचं मोठं पद सांभाळणाऱ्या शार्ङ्गदेवानं तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यातली 120 देशी तालांची यादी जोआनी ग्रोसेच्या लेखातून एका फ्रेंच संगीतकोशात गेली आणि तिथून ओलिव्हिए मेसियाँ या फ्रेंच संगीतकाराच्या हाती लागली. त्याच्या प्रचंड सिंफनीच्या नावातली 'तुरंगलीला' ही त्याच यादीतली. पुढे अमेरिकेत युटाच्या लाल कड्यांवरची त्याची रचना 1974 मध्ये न्यूयॉर्कला वाजली, तोवर हे ताल त्याच्या अंगी पुरते मुरले होते.

या दोन मुळांना जोडणारा धागा मला रुसेलच्याच 'पद्मावती' या ऑपेरात दिसतो. पॅरिसला ती 1923 मध्ये रंगमंचावर आली. तिच्यातला अल्लाउद्दीन म्हणजे 1296 मध्ये देवगिरी लुटणारा तोच खिलजी. ऑपेराचं बीज चितोडला पडलं असं सगळे सांगतात, आणि ते बरोबरच आहे. पण वेरूळला जाणारा त्या काळचा प्रवासी दौलताबाद, म्हणजे देवगिरीच्याच, स्टेशनवर उतरे. रुसेलही तिथेच उतरला असेल, किल्ला बघताना त्यानं वाटाड्याला हा कुणी जिंकला असं विचारलं असेल, तर अल्लाउद्दीनचं नाव त्याच्या कानी चितोडच्या आधी इथेच पडलं असावं, असं मला वाटतं.