बुडखे काढायला बॉबकॅट घेताय? आधी बुडखा बघा

बीदर/कलबुर्गी : शेतातलं झाड तोडायला अर्धा दिवस पुरतो. मागे राहिलेला बुडखा मात्र वर्षानुवर्षं नांगराचे फाळ मोडतो आणि ट्रॅक्टरला वळसा घालायला लावतो. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद भागात या कामाला जेसीबी बोलवायची पद्धत आहे. तासावर येतो, उकरतो, जातो. आता कर्ज काढून छोटं मशीन, म्हणजे स्किड स्टीअर लोडर, भाड्याने फिरवावं असा विचार करणारी पोरं पहिला प्रश्न विचारतात तो कंपनीचा. खरं तर तो शेवटचा प्रश्न. आधी बुडखा कसला आहे ते बघायचं, त्यावरून अटॅचमेंट ठरवायची आणि ती अटॅचमेंट चालवू शकेल असं मशीन शोधायचं.

स्किड स्टीअरला आपल्याकडे सरसकट ‘बॉबकॅट’ म्हणतात, जसं बॅकहो लोडरला ‘जेसीबी’. दोन्ही नावं कंपन्यांची. जेसीबीही स्किड स्टीअर बनवते, केसही बनवते. या मशीनची चाकं वळत नाहीत. एका बाजूची चाकं थांबवून किंवा उलटी फिरवून ते जागच्या जागी घसरत वळतं. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात केलर बंधूंनी १९५७ च्या सुमारास त्याचं पहिलं रूप बनवलं, ते टर्की पक्ष्यांच्या शेडमधली घाण काढायला. म्हणजे जन्मच अरुंद जागेत उचलाउचल करण्यासाठी. खोल खोदणं हा त्याचा धर्म नव्हे, एवढं ध्यानात ठेवलं तरी निम्मी फसगत टळते.

जेसीबीचं वजन साधारण साडेसात-आठ टन, मागचा हात चार मीटरच्या पुढे खोल जातो आणि तो रस्त्याने स्वतः चालत येतो. स्किड स्टीअर बहुतेक अडीच ते साडेतीन टनांचं, आणि दुसऱ्या गावाला न्यायचं तर लॉरीवर चढवावं लागतं. मोकळ्या रानात जुन्या चिंचेचा, दोघांच्या कवेत न मावणारा बुडखा असेल तर जेसीबी किंवा पोकलेनच बोलवावा. तिथे छोटं मशीन घालणं म्हणजे नुसतं डिझेल जाळणं.

छोट्या मशीनची खरी जागा वेगळी : जुन्या गल्ल्या, घरामागचं परसू, शाळेचं आवार, कंपाउंडची भिंत, आंब्याच्या बागेतल्या दोन ओळींमधली ठिबकची पट्टी. आणि वेडी बाभूळ.

वेडी बाभूळ, जिला इथले कन्नड शेतकरी बळ्ळारी जाली म्हणतात, ती वरून कितीही छाटली तरी फुटते, कारण तिचे डोळे जमिनीखाली मुळाच्या माथ्यावर असतात. हा माथा साधारण फूटभर खोलीपर्यंत निघाला तरच ती थांबते. तळ्याकाठी, ओढ्यात, पडीक रानात तिचे मनगटाएवढ्यापासून मांडीएवढे बुंधे शेकड्यांनी असतात. इथे छोटं मशीन भराभर काम करतं. बारीक बुंध्यांसाठी चिमट्यासारखा ट्री पुलर घ्यावा. तो बुंधा बुडाशी धरून मुळासकट वर ओढतो. मात्र चाकांना काट्यांपासून वाचवायला फोम भरलेले किंवा भरीव टायर लागतात. नाहीतर दिवस पंक्चर काढण्यात जातो.

वीतभर ते फूटभर जाडीच्या बुडख्याला स्टंप बकेट पुरतं. ते अरुंद, लांब, फावड्यासारखं असतं आणि त्याच्या कडांना करवतीसारखे दात असतात. चारी बाजूंनी मुळ्या तोडायच्या, मग खालून उचकायचं. एका बाजूनेच जोर लावला तर मशीनची मागची चाकं उचलतात आणि लोडरचे हातही वाकू शकतात. ग्रॅपल म्हणजे वरून आवळणारा पंजा. तो बुडखा काढत नाही, काढलेला उचलतो. पण ज्याच्याकडे तो नाही त्याला मजूर लावावे लागतात.

ग्राइंडर सगळ्यात महाग आणि सगळ्यात मोहात पाडणारा. कार्बाइड दातांचं चाक बुडख्याचा भुगा करतं, साधारण वीत-दीड वीत खोलीपर्यंत. भिंतीला, पाईपला धक्का नको असेल तिथे याला तोड नाही. दोन गोष्टी मात्र आधी सांगाव्या लागतात. खालच्या मुळ्या जागेवरच राहतात, पुढे वाळवी लागू शकते. आणि सरपणाचं मोल जातं. अख्खा निघालेला बुडखा वीटभट्टीवाला नेतो, भुगा कोण नेणार? बीदरच्या पठारावरच्या जांभ्या दगडात दात झिजतात, तो खर्च वेगळाच.

आता मशीन. पहिला आकडा बघायचा तो तेलाच्या प्रवाहाचा, घोड्यांचा म्हणजे हॉर्सपॉवरचा नंतर. साध्या मशीनमध्ये अटॅचमेंटला मिनिटाला साधारण ६० ते ९० लिटर हायड्रॉलिक तेल मिळतं, हाय-फ्लोमध्ये ११० च्या पुढे. हाय-फ्लोचा ग्राइंडर साध्या मशीनला लावला तर चाक फिरतं, पण लाकडात घुसताच अडतं. ग्राइंडरच्या मोटरला बहुतेक वेळा तिसरा परतीचा पाईप, केस ड्रेन, लागतो. तो मशीनवर आहे का, हे पैसे देण्याआधी बघावं. जोडणीच्या प्लेटसाठी आयएसओ २४४१० हे मानक आहे. ते पाळणाऱ्या मशीनला दुसऱ्या कंपनीची अटॅचमेंटही बसते.

ब्रोशरमधली रेटेड ऑपरेटिंग कपॅसिटी चाकाच्या मशीनसाठी उलटण्याच्या वजनाच्या ५० टक्के धरतात, ट्रॅकच्या मशीनसाठी ३५ टक्के. म्हणून दोघांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये.

ट्रॅक घ्यावा की चाक, हे मातीवर. कलबुर्गीकडच्या काळ्या रानात पावसाळ्यात चाकाचं मशीन वळता वळताच रुततं. उन्हाळ्यात तीच माती सिमेंट होते. वाफसा असताना काम काढलं तर बुडखा निम्म्या जोरात निघतो. वाफसा नसेल तर आदल्या दिवशी बुडाशी पाणी सोडावं. बीदरच्या मुरमाड, दगडी जमिनीत रबरी ट्रॅक लवकर फाटतात, तिथे चाकच परवडतं.

बुडखा हात लावण्याआधी घोणस आहे का बघावं, ही जुन्या लोकांची सूचना हसण्यावारी नेऊ नये. नौबाद भागात आणखी एक भान हवं. बहमनी काळातली सुरंग बावी, म्हणजे करेज, तिथे जमिनीखालून जाते. तिच्या झरोक्यांच्या ओळीत जड मशीन नेऊ नये. बीदर आणि कलबुर्गीच्या किल्ल्यांसारख्या संरक्षित वास्तूंपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आहे. तिथे पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय खोदू नये.

कागदही बघावा. कर्नाटकात १९७६ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार खासगी जमिनीतलं झाड तोडायलाही परवानगी लागते. निलगिरी, सुबाभूळ, प्रोसोपिस म्हणजे वेडी बाभूळ अशा काही जातींना सूट आहे. मशीन उमरगा, उदगीर, अक्कलकोटला गेलं की महाराष्ट्राचा १९६४ चा कायदा लागतो, त्याच्या यादीत आंबा, चिंच, जांभूळ, साग आहेत. ताजा बुडखा काढायला बोलावणं आलं तर तोडीचा परवाना बघूनच मशीन उतरवावं.

हिशेब असा करावा. समजा हप्ता महिन्याला ४५,००० रुपये आणि डिझेल, ऑपरेटर, लॉरी वजा जाता तासाला ३०० रुपये उरतात. म्हणजे नुसत्या हप्त्यासाठी १५० तास. आकडे ज्याने त्याने आपले घालावेत. एवढे बुडखे एका तालुक्यात दर महिन्याला निघत नाहीत. म्हणून पहिल्या वर्षी साधं बकेट, स्टंप बकेट आणि ग्रॅपल एवढंच घ्यावं आणि बाकीचे तास वाडी-सेडमच्या सिमेंट कारखान्यांत, डाळ मिलच्या गोदामात, गोठ्यांच्या शेणात शोधावेत. ग्राइंडर भाड्याने मिळाला तर आणावा.

डेमो मागताना शोरूमच्या अंगणात मागू नये. आपल्या गावचा बुडखा दाखवावा, एप्रिल-मेच्या दुपारी मशीन सलग दोन तास चालवून घ्यावं आणि तेलाच्या तापमानाच्या काट्याकडे बघत राहावं.