आशुतोष मुखर्जी आणि अध्यापकांची निवड

विद्यापीठांचा इतिहास सांगताना आपण बहुधा कायदे, आयोग आणि इमारती यांचीच सनावळी देतो. माणसे कशी निवडली, कशी राखली, हे त्या सनावळीत क्वचितच सापडते. कलकत्ता विद्यापीठाचा विसाव्या शतकाच्या आरंभीचा इतिहास मात्र त्यावाचून समजणारच नाही.

१८५७ साली स्थापन झालेली आपली पहिली तीन विद्यापीठे लंडनच्या धर्तीवर केवळ परीक्षा घेणारी होती. १९०४ च्या कायद्याने त्यांना स्वतः अध्यापन करण्याचा अधिकार मिळाला. पण त्याच कायद्याने सरकारचा वरचष्माही वाढणार होता, म्हणून नामदार गोखल्यांनी कौन्सिलात त्यास कसून विरोध केला. त्यांची भीती निराधार नव्हती. परंतु १९०६ मध्ये कलकत्त्याचे कुलगुरू झालेल्या आशुतोष मुखर्जींनी त्याच कायद्यातील अध्यापनाच्या कलमावर बोट ठेवून सारी उभारणी केली. हे गृहस्थ हायकोर्टाचे न्यायाधीश. विद्यापीठाचे काम हा त्यांचा दुसरा व्यवसाय.

तारकनाथ पालित व रासबिहारी घोष या दोन वकिलांच्या देणग्यांतून १९१४ मध्ये विज्ञान महाविद्यालयाची कोनशिला बसली. आसने निर्माण झाली. त्यांवर बसवावे कोणाला? अर्थखात्यात चांगल्या पगारावर असलेले चंद्रशेखर वेंकट रामन १९१७ मध्ये कमी वेतन पत्करून आले. पालित-आसनाच्या प्राध्यापकाने परदेशी शिक्षण घ्यावे, अशी अट होती. रामन यांनी जाण्यास नकार दिला, तेव्हा आशुतोषांनी माणूस न सोडता अट सोडली. नियमावर बोट ठेवून अर्ज परत करणे किती सोपे असते, हे शाळेचा कारभार पाहणाऱ्यास सांगावयास नको!

मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस हे तर नुकतेच एम. एस्‌सी. झालेले तरुण. त्यांना प्रथम गणित विभागात नेमले. तेथे जमेना, तेव्हा काढून न टाकता पदार्थविज्ञानाकडे वळविले. पुढे या दोघांनी केलेले आइन्स्टाइनच्या सापेक्षतावरील निबंधांचे इंग्रजी भाषांतर विद्यापीठानेच १९२० मध्ये छापले. प्रांताचा अभिमानही निवडीच्या आड आला नाही. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे चिरंजीव देवदत्त यांना पुरातत्त्व खात्यातून आणून १९१७ मध्ये प्राचीन भारतीय इतिहासाच्या कारमायकेल-आसनावर बसविले. १९२१ मध्ये राधाकृष्णन आले.

या चित्राची दुसरी बाजूही आहे. विभाग वाढले, त्या मानाने पैसा वाढला नाही. १९२२ मध्ये बंगाल सरकारने अडीच लाखांचे अनुदान देऊ केले, पण अटींसह. आशुतोषांच्या आग्रहाने सीनेटने ते नाकारले. या बाणेदारपणाचे कौतुक आपण करतो, आणि केले पाहिजे. परंतु त्याची झळ कुलगुरूंना नव्हे, तर वेतनासाठी ताटकळणाऱ्या अध्यापकांच्या घरांना लागली. सरदेसायांचे स्नेही म्हणून आपल्याला परिचित असलेले यदुनाथ सरकार यांनी या विस्तारावर कठोर टीका केली. सर्व सूत्रे एका हाती एकवटली होती, हा आक्षेप मला तरी खोडून काढता येत नाही.

१९२३ मध्ये गव्हर्नर लिटन यांनी पुनर्नियुक्ती देऊ केली, तीही सरकारशी सहकार्याच्या अटीवर. आशुतोषांनी ती झिडकारली. पुढच्याच वर्षी, २५ मे १९२४ रोजी, पाटण्यास त्यांचे निधन झाले. १९२६ मध्ये त्याच खुर्चीवर टीकाकार यदुनाथ येऊन बसले.

निवडलेली माणसे सारीच टिकली असे नाही. बोस १९२१ मध्ये ढाक्यास, साहा १९२३ मध्ये अलाहाबादेस, रामन १९३३ मध्ये बंगलोरास गेले. देवदत्त भांडारकर मात्र १९३६ पर्यंत आपल्या आसनावर राहिले. साहा १९३८ मध्ये पालित-प्राध्यापक म्हणून कलकत्त्यास परतले, आणि १९४५ मध्ये बोसही.