रेल्वे-फाटकावरील प्राणहानी आणि निष्काळजीपणाचे उत्तरदायित्व

लोहमार्ग आणि सार्वजनिक रस्ता एकाच पातळीवर जेथे परस्परांना छेदतात, तेथे दोन हक्कांची गाठ पडते. रस्त्यावरून जाण्याचा हक्क बहुधा जुना असतो. लोहमार्गाचा हक्क कायद्याने निर्माण केलेला व म्हणून नवा असतो. ह्या छेदबिंदूवर मनुष्य दगावल्यास दोष कोणाचा, आणि त्याच्या मागे राहिलेल्यांना भरपाई कोणी द्यावयाची, हा प्रश्न आगगाडीइतकाच जुना आहे. मराठवाड्यापुरते पाहिले तरी त्याचे महत्त्व सहज पटते. देवणी गावातून लोहमार्ग जात नाही. तथापि निजामी राजवटीत घातलेला विकाराबाद–परळी मार्ग शेजारच्या कमालनगर व उदगीरवरून जातो. ज्या परिसराने देवणी ह्या नावाची गोवंशाची जात देशाला दिली, तेथे ह्या मार्गाच्या छेदरस्त्यांवर दीर्घकाळ मुख्य वाहन होते ते बैलगाडी, हे उघड आहे.

निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास इंग्रजी सामान्य कायदा प्रारंभी वारसांच्या उपयोगी पडत नव्हता. जखमी मनुष्याला दावा करता येई; पण तो मेला की दावाही त्याच्याबरोबर मरे. जिवंत राहिलेल्यास भरपाई आणि मेलेल्याच्या कुटुंबास काहीच नाही, अशी ही विपरीत स्थिती होती. इंग्लंडमध्ये 1846 च्या कायद्याने ती पालटली. हिंदुस्थानात बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी गाडी 1853 मध्ये धावली आणि प्राणघातक अपघातांचा कायदा 1855 मध्ये झाला. ह्या कायद्याने पती वा पत्नी, आईबाप आणि अपत्ये यांना भरपाईचा अधिकार दिला. भावाचा मात्र त्यात समावेश नाही. ज्या समाजात एकत्र कुटुंबातील वडील भावाच्या कमाईवर धाकट्यांचे पोट चाले, त्या समाजात ही उणीव केवळ तांत्रिक म्हणता येणार नाही.

भरपाईचा हक्क मिळाला तरी दोष सिद्ध करावयाचा राहतोच. 1890 च्या भारतीय रेल्वे कायद्याच्या तेराव्या कलमाने कुंपण, फाटके व ती उघडण्यामिटण्यासाठी माणसे ठेवण्याचा आदेश रेल्वे प्रशासनास देण्याचा अधिकार सरकारला दिला. पुढे 1989 च्या कायद्यात हीच तरतूद अठराव्या कलमात आली. येथे सूक्ष्म अडचण अशी की, कायद्याने सरकारला अधिकार दिला, कर्तव्य मात्र स्पष्ट शब्दांत लादले नाही. सरकारने आदेशच काढला नाही तर फाटक नसणे हा रेल्वेचा दोष ठरतो काय? ठरत नसेल, तर सरकारच्या निष्क्रियतेचे मोल वाटसरूने प्राणाने चुकवावे असा अर्थ होतो.

ह्याच प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूवर, म्हणजे वाटसरूच्या कर्तव्यावर, अमेरिकेत दोन प्रसिद्ध निर्णय झाले. 1927 च्या गुडमन खटल्यात मालमोटार चालविणारा एक मनुष्य रेल्वे-छेदावर ठार झाला होता व त्याच्या विधवेने दावा केला होता. न्यायमूर्ती होम्स यांनी सांगितले की, गाडी येत आहे की नाही याची अन्यथा खात्री होत नसेल, तर चालकाने थांबून, प्रसंगी खाली उतरून पाहिले पाहिजे. दावा फेटाळला गेला. सातच वर्षांनी, 1934 च्या पोकोरा खटल्यात, न्यायमूर्ती कार्डोझो यांनी ह्या नियमाला मर्यादा घातली. उतरून पाहून चालक परत आपल्या जागी येऊन बसेपर्यंत गाडी येऊन ठेपू शकते. म्हणून सर्व प्रसंगांना एकच साचा लावणे युक्त नव्हे, असे त्यांचे प्रतिपादन होते. लक्षणीय गोष्ट अशी की, अमेरिकेत सैल झालेला हा नियम भारताच्या 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 131 व्या कलमात बराचसा लेखी स्वरूपात आढळतो. पहारा नसलेल्या छेदावर वाहन थांबवावे, वाहक वा मदतनीसाने पुढे चालत जाऊन पाहावे, आणि तसा कोणी नसल्यास चालकाने स्वतः उतरावे, असे ते कलम सांगते. 1989 च्या रेल्वे कायद्याचे 161 वे कलम अशा ठिकाणी निष्काळजीपणे वाहन नेणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावासाची शिक्षा सांगते.

वाटसरूचे कर्तव्य अशा रीतीने कलमबद्ध झाले असले, तरी रेल्वेचे कर्तव्य त्यामुळे संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये युनियन ऑफ इंडिया विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स कंपनी ह्या प्रकरणात स्पष्ट केले. केरळातील अकपरंबू येथे पहारा नसलेल्या छेदावर मे 1979 मध्ये एका प्रवासी बसला आगगाडीची धडक बसून मोठी प्राणहानी झाली होती. न्यायालयाने असा निर्वाळा दिला की, कलमाखाली आदेश निघालेला नसला तरी सामान्य कायद्यानुसार रेल्वेवर सावधगिरीचे कर्तव्य असतेच, आणि रस्त्यावरील रहदारी वाढत गेली की ते कर्तव्यही वाढते. दुसरा मुद्दा मृतांच्या आप्तांच्या दृष्टीने अधिक मोलाचा होता. बसचालकाची चूक बसमधील उतारूंच्या माथी मारता येत नाही. उतारूला वाहकाशी एकरूप मानण्याचा 1849 चा इंग्रजी सिद्धान्त हाऊस ऑफ लॉर्ड्सने 1888 मध्येच टाकून दिला होता. तेव्हा चालक व रेल्वे दोघेही दोषी असले तरी उतारूच्या वारसांना रेल्वेकडूनही भरपाई मागता येते, आणि ती मोटार अपघात न्यायाधिकरणापुढेही मागता येते.

ह्या सिद्धान्ताची निकड पुढील घटनांनी दाखवून दिली. 3 फेब्रुवारी 2005 रोजी नागपूरजवळ कन्हान येथे लग्नाच्या वऱ्हाडाने भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली पहारा नसलेल्या छेदावर आगगाडीखाली सापडून पन्नासाहून अधिक माणसे मेली. 24 जुलै 2014 रोजी तेलंगणातील मेदक जिल्ह्यात मासाईपेट येथे शाळेच्या बसला नांदेडहून निघालेल्या सवारी गाडीने धडक दिली व शाळकरी मुले प्राणास मुकली. हा छेद त्याच जुन्या गोदावरी खोऱ्याच्या मार्गावर होता, जो 1900 च्या सुमारास हैदराबादहून नांदेड, परभणी, जालना व औरंगाबाद ह्या शहरांवरून मनमाडला नेण्यात आला. वऱ्हाडी असोत वा शाळकरी मुले, वाहन थांबविणे वा न थांबविणे त्यांच्या हाती नव्हते. चालकाच्या चुकीचा भार त्यांच्यावर टाकू नये ह्या नियमाचे औचित्य येथे प्रत्यक्ष दिसते.

अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील सुरक्षा समितीने 2012 मध्ये पहारा असलेले व नसलेले सर्व छेद पाच वर्षांत नाहीसे करण्याची शिफारस केली होती. रुंदमापी मार्गांवरील पहारा नसलेले छेद जानेवारी 2019 मध्ये संपुष्टात आल्याचे रेल्वेने जाहीर केले. म्हणजे 1890 च्या कायद्याने जो अधिकार दिला, त्याचा सर्वत्र वापर होण्यास सव्वाशेहून अधिक वर्षे लागली.

तथापि कायद्यातील विषमता पुरती मिटलेली नाही. आगगाडीतील उतारू रेल्वे अपघातात दगावला तर दोष सिद्ध न करताही त्याच्या वारसांना ठराविक रक्कम मिळते. ती 1997 च्या सुधारणेनंतर चार लाख व 2017 पासून आठ लाख रुपये झाली. छेदावर मोटारीतील मनुष्य मेला, तर निदान मोटार अपघात न्यायाधिकरणाचा मार्ग मोकळा असतो. परंतु बैलगाडीतून वा पायी जाणारा मनुष्य मेला तर तो रेल्वेचा उतारू नसतो आणि अपघातात मोटारही नसते. त्याच्या विधवेला 1855 च्या कायद्याखाली दिवाणी न्यायालयात जाऊन रेल्वेचा निष्काळजीपणा शाबीत करावा लागतो. रस्त्यावरील सर्वांत जुना हक्क ज्याचा, त्याच्याच वारसांची वाट सर्वांत लांबची, असा ह्या कायद्याच्या इतिहासाचा निष्कर्ष निघतो.