शाळेची फी सरकार भरतं, मग हिशेब कुठे पाहायचा?

हैदराबाद : तेलंगणात अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांसाठी ‘बेस्ट अव्हेलेबल स्कूल्स’ योजना आहे. सरकारने निवडलेल्या खासगी शाळेत मूल शिकतं आणि फी सरकार भरतं. मुलांची निवड जिल्हा पातळीवर सोडत काढून होते. सोडत सगळ्यांसमोर होते, पण नंतर कोणत्या शाळेला किती रक्कम केव्हा मिळाली, हे पालकांना सहसा कळत नाही. बिलं थकली की त्रास मुलांनाच. २०२५ मध्ये थकबाकीवरून पालकांना आंदोलन करावं लागलं.

कायदा काय म्हणतो?
माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४(१)(ख) नुसार अनुदान योजना कशी राबवली जाते, किती रक्कम ठेवली आणि लाभार्थी कोण, हे सरकारी कार्यालयाने कुणी न मागताच जाहीर करायचं असतं.

महाराष्ट्रात
शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२ नुसार विनाअनुदानित खासगी शाळांत पहिलीच्या किंवा पूर्वप्राथमिकच्या किमान २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतील मुलांसाठी असतात. सरकार शाळेला खर्चाची प्रतिपूर्ती देतं आणि मागेल ती माहिती देणं शाळेवर बंधनकारक आहे. अर्ज, सोडत, निवड यादी सगळं ऑनलाइन असतं. सरकारी शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला सूट, हा फेब्रुवारी २०२४ चा नियम मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी रद्द केला. तेलंगणात मात्र या २५ टक्के जागांची अंमलबजावणी वर्षानुवर्षं रखडली.

माहिती कशी मागायची?
- अर्ज शाळेकडे नको, पैसे देणाऱ्या खात्याच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे करावा.
- भारताचा कोणताही नागरिक अर्ज करू शकतो. नांदेडचा माणूसही हैदराबादच्या कार्यालयाला विचारू शकतो.
- अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत लागतो. महाराष्ट्रात मराठी चालते. तेलंगणात तेलुगू, उर्दू, हिंदी किंवा इंग्रजीत लिहावा.
- तेलंगणात गाव पातळीवर शुल्क नाही, मंडल पातळीवर ५ रुपये, त्यावर १० रुपये. महाराष्ट्रात १० रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क माफ.
- उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

नेमकं काय विचारावं?
शाळानिहाय मुलांची संख्या, मंजूर रक्कम, प्रत्यक्ष दिलेली रक्कम, दिल्याची तारीख आणि बाकी. मुलांची नावं मागू नयेत. खासगी माहिती म्हणून अर्ज अडकतो.

‘सरकारकडून पैसे आलेच नाहीत’ असं शाळा सांगते, ‘आम्ही दिले’ असं खातं सांगतं. खरं कोण, हे तारीख आणि रक्कम लिहिलेल्या कागदावरूनच ठरतं.